हव्या तेवढ्या किल्ल्या

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सात अंगं व्यवस्थित वाकली आहेत, डाव्या पायाला नेहमीप्रमाणे सूट द्यावी.) मामींच्या शिंका थांबल्या का? तुमचं शब्दकोडं अजून पेन्सिलीनेच चाललंय की आता पेन धरण्याइतका आत्मविश्वास आलाय? मी मजेत आहे. मागच्या पत्रातले ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने सुधारून तुम्ही पत्र परत पाठवलंत, ते मिळालं. या वेळी चुका शोधायला तुम्हाला उसंत मिळणार नाही, कारण विषयच तसला आहे. विषय स्वच्छतागृहाचा आहे. तेव्हा जेवत असाल तर आधी ताट उरका.

झालं असं, की दीड महिन्यापूर्वी दुकानात बसले असताना पाठीत अशी कळ आली की हातातली कानस सुटून गिऱ्हाइकाच्या बुटावर पडली. (बूट जाड होता, माणूसही सभ्य होता.) डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, दिवसाला पाणी किती पिता? मी म्हटलं, सकाळी कपभर चहा आणि संध्याकाळी घरी गेल्यावर तांब्याभर पाणी. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी चष्मा काढला की आपली थट्टामस्करी संपली असं समजावं. मूत्रपिंडाला सूज आहे, असंच चाललं तर एक कायमचं जाईल, रोज तीन लिटर पाणी हेच औषध, म्हणाल्या. आता मामा, पाणी पिणं काही अवघड नाही. अवघड आहे ते त्याच्या पुढचं. पालिकेच्या या बाजारात किल्ल्या करायला बसून मला एकोणीस वर्षं झाली. तुम्ही आईला म्हणाला होतात, पोरीला बसून करायचा धंदा शिकवतो, आणि शिकवलात. पण बसलेल्या माणसाला दिवसातून दोनतीनदा उठावंही लागतं, हे आपल्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

बायकांचं स्वच्छतागृह आहे माळ्यावर. चौदा पायऱ्या, कठडा नाही, आणि सातवी पायरी कायम ओली. कुबडी घेऊन मी एकदा चढले होते. वर पोचले तेव्हा ज्यासाठी गेले ते विसरून उतरायचं कसं याच्याच काळजीत पडले. खाली वजनकाट्यामागे अपंगांसाठीचं एक स्वच्छतागृह आहे. चार वर्षांपूर्वी फीत कापून बांधलेलं, दारावर चाकाच्या खुर्चीचं छान निळं चित्र, आणि चित्राखाली कुलूप. तेही जाडजूड, पितळी. गेली चार वर्षं मी रोज त्या कुलपाकडे पाहत आले. (उघडायला मला तीन मिनिटं लागली असती. पण मालकाने सांगितल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही, हा तुमचा पहिला धडा. त्या धड्यापायी माझं एक मूत्रपिंड जात होतं, हे कळवायला मला आनंद होतो.)

मग मी रीतसर निघाले. बाजाराच्या व्यवस्थापकसाहेबांनी सांगितलं, किल्ली वरच्या कार्यालयात आहे आणि तुम्ही महिला आहात, तेव्हा महिलांच्या बाजूने अर्ज आणा. महिला विक्रेत्या संघाच्या अध्यक्षीणबाई वह्या-पेनं विकतात. (त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकालासुद्धा रांगेत उभं राहून बोट वर करावं लागतं.) त्यांनी माझं सगळं प्रेमाने ऐकलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, हा प्रश्न अपंगांचा आहे गं, आमची यंदाची मागणी आरशांची आहे. मग गेले अपंग संघटनेकडे. त्यांची बैठक चहाच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर भरते. अपंगांची बैठक पोटमाळ्यावर! मी जिन्याखालून ओरडून माझं म्हणणं मांडलं. वर बारा पुरुष. अध्यक्ष म्हणजे ऑपरेटरदादा, टेलिफोन खात्यात आहेत, डोळ्यांनी दिसत नाही पण आवाजावरून माणसाचं वजनसुद्धा सांगतात. ते वरून म्हणाले, ताई, तुमचं खरं आहे, पण हा लेडीज प्रश्न झाला, तो महिला संघातून येऊ द्या. म्हणजे बायकांत मी अपंग आणि अपंगांत मी बाई. सगळ्यांसारखी फक्त दुकानाचा परवाना नवा करायच्या रांगेत.

त्या दिवशी दुपारी मी दुकानात तोंड पाडून बसले होते, तेव्हा तुफानताई आली. तुम्हाला तिच्याबद्दल कधी लिहिलं नाही. माझ्यापासून तिसरं दुकान, कपडे शिवते, मशीन अशी चालवते की शेजारच्या काचेच्या बरण्या वाजतात, म्हणून हे नाव. जन्मदाखल्यावर मुलगा आणि गेली पंचवीस वर्षं बाई. खांदे रुंद, आवाज जाड, आणि काजं अशी बारीक करते की पाहत राहावं. रोज बारा वाजता ती दुकान बंद करून दोन तास गायब होते. मी इतकी वर्षं समजत होते की ही घरी जाऊन झोप काढते. (एकदा चारचौघांत तसं बोललेही होते. सगळे हसले होते, तीही हसली होती.) माझी कहाणी ऐकून ती म्हणाली, "तुला वाटतं मी झोपायला जाते? अगं, बसने घरी जाऊन येते. इथे बायका वरून हाकलतात आणि पुरुषांकडे मी पाऊल टाकणार नाही."

तीच पुढे म्हणाली, "तुला पायऱ्या आडव्या येतात, मला माणसं. पायऱ्या निदान तोंडावर काही बोलत नाहीत."

मामा, एकोणीस वर्षं शेजार आणि मी कधी विचारलं नव्हतं. मला आपलं वाटायचं, या बाजारात तहानेचा मक्ता माझ्या एकटीकडे आहे.

पुढचा सोमवार उजाडला. सकाळी आठ वाजता दुकान उघडतेय तोच व्यवस्थापकसाहेब धावत आले. (त्यांना धावताना बाजाराने प्रथमच पाहिलं, भाजीवाल्यांनी हातातल्या जुड्या खाली ठेवल्या.) अकरा वाजता पालिकेचं पथक येणार होतं, शहरातल्या सोयी मोजायला आणि त्या कोण वापरतं ते लिहून घ्यायला. आणि किल्ली वरच्या कार्यालयात वगैरे काही नव्हती. फीत कापली त्याच संध्याकाळी हरवली होती. चार वर्षं साहेबांना किल्लीवाली बोलावता आली नाही, कारण किल्लीवाली मीच, आणि किल्ली हरवल्याची कबुली माझ्यासमोरच द्यावी लागली असती. मी म्हटलं, साहेब, मालकाने स्पष्ट सांगितल्याशिवाय मी कुलूप उघडत नाही. ते म्हणाले, सांगतो, उघड. मी म्हटलं, आणि नवी किल्ली? किती करू? ते घड्याळाकडे बघत जवळजवळ रडले, "बाई, हव्या तेवढ्या कर, पण आधी उघड!"

कुलूप गंजलं होतं, रॉकेलचे चार थेंब पाजले तेव्हा कुठे हललं. आत काय असावं? मोडक्या खुर्च्या, पंधरा झाडू, आणि 'शहर सर्वांचं' असं लिहिलेले कापडी फलक, गुंडाळून थेट भांड्यात उभे केलेले. हमालांनी सगळं बाहेर काढलं, पाण्याचा पाइप लावला, आणि साडेदहाला ती खोली अशी लखलखली की मला आत जाऊन राहावंसं वाटलं.

पथक आलं. प्रमुख अधिकारीणबाई, पोट चांगलं आठव्या महिन्याचं, आणि बरोबर छापील तक्ता घेतलेला एक कारकून. साहेबांनी मला दारापाशी लाभार्थी म्हणून उभं केलं आणि कानात सांगितलं, हसत राहा. मी हसत होते, पण मामा, औषध म्हणून सकाळपासून लिटरभर पाणी प्यायले होते. साहेबांचं प्रास्ताविक चालू असतानाच मी आत शिरले आणि कडी लावली. त्या पाच मिनिटांचं वर्णन तुम्हाला करणं योग्य नाही, पण एकोणीस वर्षांत बाजारात इतकं सुख मला कधी झालं नव्हतं. बाहेर आले तर अधिकारीणबाई दारातच. त्या म्हणाल्या, मोजणी मागाहून, आधी मी. त्यांच्यामागे मधुमेह झालेले न्हावीकाका येऊन उभे राहिले आणि काकांमागे तुफानताई.

कारकुनाने तक्ता काढला. बाई, अपंग, ज्येष्ठ, आणखी काय काय, आणि एका माणसाला एकच खूण. मी म्हटलं, दोन्हींवर करा. ते म्हणाले, तक्ता वाचणारं यंत्र दोन खुणा घेत नाही, एकच निवडा. मी विचारलं, पाय घरी ठेवून बाई म्हणून येऊ, की बाईपण घरी ठेवून नुसता पाय पाठवू? न्हावीकाका म्हणाले, मी म्हातारा आहे पण घाई साखरेची आहे, कुठे घालता बघा. एवढ्यात साहेबांनी तुफानताईला अडवलं. "तुम्ही कशात बसता? ही सोय फक्त अपंगांची आहे." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू दाराची मालकीण मीच.

खरं सांगते मामा, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. एक क्षणभर मलाही वाटलं, आत्ताच तर मिळालंय, लगेच सगळ्यांना कशाला? चार आठवडे मला ज्या तोंडांनी इकडून तिकडे पाठवलं, त्यांतलंच एक तोंड माझ्या चेहऱ्यावर येऊन बसलं होतं. तुफानताईने ते पाहिलं. ती मागे वळली. मग मात्र मला माझीच लाज वाटली. मी कुबडी पुढे टाकली, तिचा हात धरला आणि सकाळीच घासलेली ताजी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. साहेबांना म्हटलं, तुम्हीच म्हणालात ना, हव्या तेवढ्या? हिला हवी आहे. अधिकारीणबाई तेवढ्यात हात पुसत बाहेर आल्या होत्या. त्यांनी कारकुनाला सांगितलं, खुणा राहू द्या, शेऱ्यात लिहा, ज्याला गरज त्याला. कारकुनाने लिहिलं. (रकाना लहान असल्यामुळे 'ज्याला गर' एवढंच मावलं.)

एकूण अकरा किल्ल्या झाल्या. पाचवी अध्यक्षीणबाईंनी नेली, त्यांचे गुडघे गेलेत हे त्यांनी आरशांच्या मागणीखाली लपवलं होतं. माळ्यावर बायकांत कोणी तुफानताईबद्दल कुरकुरलं तर त्याच आता डोळे वटारतात. ऑपरेटरदादा स्वतः किल्ली न्यायला आले आणि पुढची बैठक माझ्या दुकानासमोर भरेल असं जाहीर करून गेले. आता दोन्ही संस्थांचे अभिनंदनाचे फलक दारावर आहेत, निळं चित्र झाकलं गेलंय. दोनचार जण अजून तुफानताईला बघून नाक मुरडतात, ते काही एका किल्लीने सुटत नाही. पण बारा वाजता तिचं मशीन चालू असतं, आणि पाणी प्यायचं राहिलं तर तीच तिसऱ्या दुकानातून ओरडते. पाठीतली कळ गेली. डॉक्टरीणबाईंनी या वेळी चष्मा काढला नाही.

मामींना नमस्कार. कळावे, लोभ आहेच.

तुमची भाची

ता. क. मामींचा फोन आला होता. महिन्यापूर्वी तुम्ही न्हाणीघरात पडलात आणि कपाळावरची खूण कपाटाची म्हणून सांगताय. तेव्हापासून तुम्ही जिना उतरला नाहीत, कारण धरायला काही हवं आणि धरताना कोणी बघायला नको. येत्या रविवारी सुतार येईल. न्हाणीघरात एक दांडा, जिन्याला कठडा, आणि एक काठी. त्याला दारातून परत पाठवू नका. सगळं पत्र याच्यासाठी लिहिलं. हे पहिल्या पानावर घातलं असतं तर तुम्ही तिथेच थांबला असता.

ता. क. २ सुताराला मी सांगितलंय की हे सगळं मामींसाठी आहे. तुम्हीही शेजाऱ्यांना तेच सांगा. मामींची हरकत नाही. त्या म्हणाल्या, चाळीस वर्षं माझ्याच नावावर खपवतायत, त्यात आणखी एक काठी.