कारणाचा रकाना

दिनांक ९ मार्च, मंगळवार

चि. धाकट्यास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. ‘तू कसा आहेस’ हे विचारायला मला एकतीस वर्षं लागली, त्यामुळे ते वाक्य लिहायला हात धजत नाही. लिहिलं आहे असं समज. अक्षर लागलं नाही तर लेकीकडून वाचून घे. मी चौथीपर्यंतच गेलो आणि चौथीतही खिडकीपाशी बसत होतो, हे तुला माहीतच आहे. पत्र पोचेल की नाही या काळजीने तिकिटं दोन लावली आहेत. तुझा पत्ता कुठून मिळाला ते पुढे लिहितो.

तुझी वहिनी मजेत आहे. डॉक्टर म्हणतात गुडघे बदला, ती म्हणते गुडघे राहू देत, नवरा बदलून मिळत असेल तर बघा. दुकानही चालू आहे. हल्ली अर्धी दारं बोटाच्या ठशाने उघडतात. पण बिघडली की उघडत नाहीत, आणि मग लोक कुलूपवाल्या म्हाताऱ्याला शोधत येतात.

आता मुद्द्याचं लिहितो. हसू नकोस.

गेल्या गुरुवारी दुपारी मी गांजा घेतला.

लिहिलं एकदाचं. पेन खाली ठेवून पाणी पिऊन आलो.

तुला ठाऊक असेलच, आता कायद्याने परवानगी आहे, मोठ्या माणसांना दुकानात मिळतो. मला वाटलं होतं, अंधारी जागा असेल, धूर असेल. कसलं काय, चष्म्याच्या दुकानासारखं लख्ख! मी तीनदा पुढून गेलो, कोणी ओळखीचं बघत तर नाही ना म्हणून. चौथ्यांदा धीर करून आत शिरलो, तर रांगेत अर्धी ओळखीचीच. पुढे आपला जुना बसवाला उभा. मला बघून म्हणाला, “या कुलूपवाले, तुमचं काय अडकलं?”

कारण म्हणशील तर बोटं. कानस धरली की सांधे ठणकतात, बारीक किल्ली घासता येत नाही. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बघा घेऊन, पण अगदी थोडं, आणि त्या दिवशी शिडीवर चढायचं नाही. शिडीचं नाव निघाल्यावर मी विषय बदलला.

रांगेत वेळ जाईना, म्हणून मी एकेकाला विचारत सुटलो. मला उगाच भीती, आपणच एकटे बिघडतोय की काय. बसवाला म्हणाला, “चाळीस वर्षं बस चालवली. आता बस थांबली, पण पाठ अजून खड्ड्यांतून चालली आहे.” एक नर्स होती. रात्रपाळ्या करून करून झोप रुसली म्हणाली. टाय लावलेला एक माणूस म्हणाला, डोक्यात दिवसभर बैठक चालू असते, ती तासभर तहकूब करायची आहे. आणि मागे एक जोडपं होतं, लग्नाला पंचवीस वर्षं झालेलं. बाई म्हणाली, “याचे सगळे विनोद मला पाठ झालेत. पुन्हा हसू येतंय का, ते बघायचंय.” नवरा म्हणाला, “विनोद चांगलेच आहेत. ऐकणारं माणूस जुनं झालंय.” तिने त्याला कोपर मारलं आणि तिथेच दोघंही हसायला लागले. मी म्हटलं, तुम्ही आता घरी जा, तुमचं काम झालं. सगळी रांग हसली. धाकट्या, इतकी हसरी रांग मी जन्मात पाहिली नव्हती.

गल्ल्यावरच्या मुलीने एक कागद पुढे केला. पहिल्यांदा येणाऱ्याने भरायचा असतो. नाव, वय, चालू औषधं, आणि खाली मोठा रकाना. ‘घेण्याचं कारण. कशामुळे?’

मला घाम फुटला. फॉर्म दिसला की माझं असंच होतं. मागे रांग खोळंबलेली. जे मनात होतं ते भरभर लिहिलं आणि कागद सरकवला. मुलीने वाचलं, परत वाचलं. म्हणाली, “आजोबा, इथे आजार लिहायचा. तुम्ही नातं लिहिलंय.”

मी लिहिलं होतं, ‘धाकट्यामुळे.’

मी म्हटलं, “जुनं दुखणं आहे, बाई. तेच राहू द्या.”

तिने राहू दिलं.

अर्धी वडी घ्यायची असं तिने बजावलं होतं, लिंबाच्या गोळीसारखी असते. घरी आलो. वहिनी म्हणाली, “एकट्याने काय म्हणून? उरलेली अर्धी मी घेते.” मी म्हटलं, “तुला काय दुखतंय?” म्हणाली, “पन्नास वर्षं तुमच्याशी संसार केला, वेगळं काही दुखायला पाहिजे का?”

पाऊण तास काही झालं नाही. आधी काही होईल ही काळजी होती, मग काहीच होत नाही ही काळजी सुरू झाली. मग तोंड सुकलं, छाती धडधडायला लागली, मला वाटलं आटोपलं. वहिनीला सांगितलं, गॅस बंद कर, दाराची कडी काढून ठेव, माणसांना आत येता आलं पाहिजे. ती म्हणाली, “कुलूपवाला मेला आणि दार फोडावं लागलं, असं छापून येईल.” आणि हसायला लागली ती थांबेचना. तिच्याकडे बघून मलाही हसू फुटलं. आम्ही दोघं चपलांच्या फळीकडे बघून अर्धा तास हसलो. माझ्या सगळ्या चपला डाव्या बाजूने झिजल्या आहेत, एवढंच कारण होतं.

हसू ओसरल्यावर बोटं हलकी वाटली, हे खरं. वहिनी खुर्चीत झोपून गेली. मी मात्र उठलो, दुकानात गेलो आणि खालचा खण उघडला.

इथपर्यंत आलोच आहे तर आता सरळ लिहितो. बोटं हे कारण नव्हतं. बोटांसाठी घरात मलम आहे.

मागच्या महिन्यात एक मुलगी दुकानात आली. कपाटाची किल्ली करून हवी होती. तिने जुडगा पुढे ठेवला, त्यात एक लांब दांड्याची पितळी किल्ली. कडेला तीन दातांनंतर एक आडवी चीर. अशी चीर माझ्याच हातची, हे मला दुसऱ्या कोणी सांगायला नको. मी विचारलं, “ही कशाची?” ती म्हणाली, “कशाचीच नाही. जुडगा बाबांचा आहे. त्या किल्लीला लागेल असं कुलूपच नाही, पण टाकू देत नाहीत.” नाक तुझंच आहे तिचं. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, पत्ता मागितला. मी कोण, ते सांगण्याची हिंमत झाली नाही. पावतीसाठी लागतो, असं खोटं सांगितलं. तिला सांग, म्हाताऱ्याची चूक झाली.

एकतीस वर्षांपूर्वी मी तुला गंजेडी म्हणालो. तुझं अंथरूण बाहेर ठेवलं आणि तू परत यायच्या आत दाराचं कुलूप बदललं. तू किल्ली घालून फिरवत होतास, मी आत उभा राहून आवाज ऐकत होतो. चार वेळा फिरवलीस.

तू का घेतोस, हे मी तुला कधीच विचारलं नाही. त्या गल्ल्यावरच्या मुलीने मला एका मिनिटात विचारलं, ते मी सख्ख्या भावाला विचारलं नाही. कारण कारण मला माहीत होतं. दोनदा लिहिलंय ते चुकून नाही. शटर बसवताना तू शिडीवर होतास आणि शिडी मी धरली होती. गिऱ्हाईक आलं म्हणून सोडली. त्यानंतर तुझी पाठ कधी सरळ झाली नाही. ‘दादा, हे ओढलं की पाठ मला सोडते’ असं तू म्हणायला लागलास की मी उठून जात होतो. मला वाटायचं, पुढचं वाक्य शिडीचं असेल. तू ते कधी बोलला नाहीस.

मला बघायचं होतं, तुला त्यातून काय मिळत होतं. बोटं ठणकायची थांबली तेव्हा कळलं. फार काही नाही, थोडी सुटका. आणि तेवढीही मी तुला मिळू दिली नाही.

खणात तेव्हा दारावरून काढलेलं जुनं कुलूप होतं. भंगारात घालायला हात झाला नव्हता. तीन तास त्याचा गंज खरवडला, तेल पाजलं, स्प्रिंग बदलली. वहिनी जागी होऊन आली तेव्हा मी ते घराच्या दाराला बसवत होतो. म्हणाली, “नशा उतरली की काढणार ना?” मी म्हटलं, “नाही.” ती स्टूल आणून माझ्याजवळ बसली आणि स्क्रू हातात देत राहिली.

नशा उतरून पाच दिवस झाले. कुलूप दारावरच आहे.

नवी किल्ली पाकिटात घातलेली नाही. जुनी तुझ्याकडे आहे. त्या कुलपाची खोड तुला माहीत आहे, किल्ली जरा मागे ओढून मग फिरवायची. एकदाच फिरव. आम्ही घरी असलो तरी बेल वाजवू नकोस.

तुझी शिडी सोडलेला,
दादा