आत्याचा कागद

प्रिय आत्या,

तू सासू झालीस तरी माझ्या तोंडून 'आत्या'च निघतं, आणि तूही कधी हटकलं नाहीस. नशवानसाठी मला मागायला आलीस तेव्हा बाबांना म्हणालीस, "भाऊ, तुझ्या इश्राकला भाकरी येत नाही हे मला ठाऊक आहे. फसवलंत म्हणून भांडायला मी येणार नाही." बाबा हसता हसता खोकायला लागले होते. आता मला भाकरी येते गं. पण इथल्या पिठाची करते, म्हणून चामड्यासारखी होते. परवा नशवान मुकाट्याने चावत होता. मी म्हटलं, बोल की काहीतरी. तर म्हणाला, "आईने आधीच सांगून ठेवलंय, तक्रार करायची नाही."

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. माझा आवाज जरा जड झाला की "लाइन खराब आहे गं" म्हणून ठेवून देतेस. या पानांचे फोटो गल्लीतल्या औषधवाल्या हमूदला पाठवतेय. त्याच्या दुकानात बसून सावकाश वाच. मला अक्षरं तूच गिरवायला शिकवलीस, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका निघाल्या तर दोष तुझा.

आम्ही बरे आहोत. नशवान अजून त्या चपट्या माशांच्या टाक्यांवरच कामाला आहे. दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला मासा तू बघितला असतास तर म्हणाली असतीस, "याला तिरकं बघायला कुणी शिकवलं?" शैमा शाळेत कोरियन अशी फाडफाड बोलते की मला बाजारात तिचं बोट धरून जावं लागतं. घरमालकीण यांगआजी संत्र्यांच्या बागेतून येताना आमच्या दाराशी टोपली ठेवून जातात. एकदा मी त्यांना मिरची-टोमॅटोचा ठेचा दिला. खाऊन डोळ्यांत पाणी आलं, तरी वाटी पुसून परत केली आणि शैमाला म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, उद्या जास्त कर." तुमचं दोघींचं छान जमलं असतं. भाषा लागली नसती, एकमेकींच्या चुलीत नाक खुपसलंत की झालं असतं.

त्यांचा थोरला भाऊ लहानपणीच दंगलीच्या दिवसांत होडीतून जपानला गेला. आई वाट बघत राहिली. तो आला, पण आई गेल्यावर. हे सांगताना यांगआजी संत्री निवडत होत्या, हात थांबला नाही. मी शैमाकरवी विचारलं, आई काय करायच्या? त्या म्हणाल्या, "रोज त्याचं ताट वाढायची. स्वतः मात्र अर्धीच जेवायची." त्या दिवसापासून तुझ्याशी बोलायचं ठरवतेय.

नशवानला इथे आधी नुसतं राहू दिलं होतं, आठवतं? राहा, काम कर, पण बायको-पोरीला आणायचा हक्क नाही. 'राहू देणं' आणि 'निर्वासित म्हणून मानणं' यांत केवढी दरी असते ते आपण दोघी आपल्या ताइझ शहरात पाण्याच्या रांगेत उभ्या राहून शिकलो. शैमा रांगत होती ती शाळेत जायला लागली, तेव्हा कुठे कोर्टाने त्याला मानलं आणि आम्हाला बोलावणं आलं. मी म्हटलं होतं, आत्याला सोडून मी जायची नाही. तू उखडलीस. "मी काय तुझ्या पदराला बांधलेली किल्ली आहे? तुम्ही पुढे व्हा. माझा कागद मागून येतोय." गाडी निघाली तेव्हा तू मागे वळून सरळ घरात गेलीस. तेव्हा मला राग आला होता. आता कळतं, तू का थांबली नाहीस ते.

तुझ्यासाठी आम्ही खरंच अर्ज केला, आत्या. वकीलबाईंनी आधीच सांगितलं होतं, आशा धरू नका. तरी केला. कचेरीत बोलावलं तेव्हा खिडकीतल्या बाईंनी चांगुलपणाने समजावलं. इथल्या कायद्यात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. आई त्यात मोडत नाही. नशवान म्हणाला, "पण ती तिथे एकटी आहे, तिथे लढाई चालू आहे." त्या म्हणाल्या, "मला कळतंय." आणि खरंच कळत असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. बाहेर आल्यावर नशवान बुटाची नाडी बांधायला वाकला, तो बराच वेळ उठलाच नाही. शैमा त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

ही गोष्ट पानगळीच्या आधीची. त्यानंतरही दर शुक्रवारी तो तुला फोनवर सांगतो, "येतोय आई, कागद येतोय." फोन ठेवून अंगणात जातो. त्याला खोटारडा म्हणू नकोस. त्याच्याच्याने नकाराचं ते वाक्य उच्चारवत नाही एवढंच. मीही गप्प बसले असते. पण परवा हमूदकरवी तुझ्या मैत्रिणीचा, जलीलामावशींचा, निरोप आला. तुझ्या मागच्या गल्लीत तोफेचा गोळा पडला. डोंगरातल्या त्यांच्या गावात खोली तयार आहे, विहिरीला पाणी आहे, त्या तुला कधीच्या बोलावताहेत. आणि तू त्यांना सांगतेस, "गावात फोन लागत नाही. कागद आला आणि मी इथे नसले तर? शहरातून एडनच्या विमानतळाचा रस्ता जवळ पडतो." बांधलेली पिशवी दाराशी ठेवून तू त्या गोळ्यांखाली बसली आहेस, आमच्या एका शब्दावर.

म्हणून लिहितेय, आत्या. कागद येणार नाही. वकीलबाई दुसरी वाट शोधताहेत, आम्ही सोडलेलं नाही. पण आज तरी तुझ्या नावाचा कागद कुठेही निघालेला नाही. हे वाचून झालं की हमूदला सांग, जलीलामावशींकडे निरोप धाडायला. त्यांचा मुलगा न्यायला येईल. गावात फोन लागत नाही तर नको लागू दे. मी शुक्रवारी तुझा आवाज न ऐकता जगेन, तू जिवंत आहेस एवढं ठाऊक असलं की पुरे. नशवानला आज मीच सांगणार आहे. तो रडेल, मी आहे. तू पोटभर जेव, आणि नीघ.

कायद्याने नसले तरी तुझ्याच घरची,
इश्राक