साठ सेकंदांची डबी आणि जाईचं बारसं

जुईनगर, नवी मुंबई
सोमवार, बारशाचा दुसरा दिवस

तीर्थरूप जयमालाआत्याच्या पायी अरुणाचा वाकून नमस्कार. (‘वाकून’ हा शब्द आज जरा सढळ हाताने लिहिला आहे. पाठ अजून वाकत नाही. का, ते पुढे येईलच.)

तुझा डावा डोळा कसा आहे? हिरवी पट्टी निघाली का? डॉक्टरांनी महिनाभर फोनच्या पडद्याकडे बघायचं नाही म्हणून सांगितलं आहे आणि तू ते ऐकते आहेस, असं कराडहून कळलं. पहिल्या अर्ध्यावर माझा विश्वास बसला. म्हणून हे पत्र, तेही एवढं मोठं अक्षर काढून. शिवाय पत्राचं एक बरं असतं, मध्येच कुणी उपटून परत खोचत नाही. कालच्या बारशाला तू यायला हवी होतीस. माझ्या बारशाला तुझ्या पाठीत बसलेल्या धपाट्यांची हकीकत तू मला अठ्ठेचाळीस वर्षं ऐकवलीस आणि मी हसले. आता नाही हसणार.

निशांतला मुलगी झाली ते तुला ठाऊक आहेच. बारसं नॉर्वेत, आणि मुलीची आत्या, म्हणजे मी, जुईनगरात. माझी रजा मंजूर झाली तोवर व्हिसाची तारीख गेली होती. ईश्वरीची बहीण मैत्री मात्र तिच्या बाळंतपणासाठी महिनाभर आधीच तिकडे पोचली. मुलगी गुणी आहे, मी काही म्हणत नाही. पण ‘ताई, तुम्हाला जमलं नाही तर कानात नाव मी सांगेन हं,’ असं ती तीन वेळा म्हणाली, त्यातलं ‘हं’ मला आवडलं नाही. आत्या असताना मावशीने कुर्र करायचं? आपल्या घरात हे झालेलं नाही. निशांतने तोडगा काढला की मी इथून व्हिडिओवर कुर्र करायचं. नाव दोघांनी ठरवलेलंच होतं, ‘जाई’. (मी घरच्या ग्रुपवर तुझं नाव सुचवून पाहिलं होतं. निशांतने हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला पिवळा चेहरा पाठवला. तुझ्या नावाचं घरात कुणी नाही ही तुझी तक्रार त्या चेहऱ्याखाली तशीच राहिली.)

तू विचारशील, फोनवर का नाही केलं? मी पण हेच विचारलं. पण तुझे जावई म्हणाले, ‘बारसं आहे, गॅसचा नंबर लावायचा नाहीये. चौदा बायका तळहाताएवढ्या पडद्यात डोकावणार का?’ मुद्दा बरोबर होता. म्हणून लॅपटॉप काढला. लॅपटॉपमध्ये आतलं वायफाय असतं. आमच्याकडचं गेल्या दिवाळीपर्यंत होतं, मग जावईबापूंनी तो ‘नुसता साफ करायला’ उघडला. म्हणून आता बारशासाठी बाहेरून खोचायची एक काळी डबी आणली, हरभऱ्याहून जेमतेम मोठी. (हरभरा लक्षात ठेव.) ती लॅपटॉपच्या कडेला खोचली की इंटरनेट येतं. येतं म्हणजे, यावं. आमच्याकडे येत नव्हतं. डबी खोचायची, तिचा निळा दिवा लागायचा, आणि पुढे काही नाही.

आता आपल्या माणसांचा स्वभाव तुला माहीत आहे. एखादी वस्तू चालत नसली की आपण ती काढतो आणि परत घालतो. मी अर्ध्या मिनिटाने काढायचे. जावईबापू शास्त्रीय माणूस (तुर्भ्याच्या कारखान्यात तीस वर्षं यंत्रांच्या तक्रारी ऐकलेले), ते पाऊण मिनिट धीर धरून काढायचे. आमचे घरमालक कमळाकरभाऊ पाटील वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे कोपरखैरणे गावातले जुने शेतकरी, आता दोन इमारतींचे धनी. ते रोज चौकशीला यायचे आणि दारातूनच सांगायचे, ‘नंदूभाव, काढा न परत घाला. आमच्या टीवीचा डबा पन तसाच हाय.’ असे चार दिवस गेले. त्या डबीला कुणी सलग एक मिनिट एका जागी बसू दिलं नाही. मी ऑफिसात बसून मैत्रीचं ‘हं’ ऐकत होते.

गुरुवारी मात्र चमत्कार झाला. जावईबापूंनी डबी खोचली आणि तेवढ्यात बेल वाजली. दारात कमळाकरभाऊ. टाकीच्या पाण्यावरून दोघांचं बोलणं लांबलं. परत येऊन बघतात तर इंटरनेट सुरू! जगाच्या इतिहासात पहिल्यांदाच त्या डबीला कुणी मिनिटभर हात लावला नव्हता. मग त्यांना चेव चढला. लॅपटॉप म्हणे स्वतःची रोजनिशी लिहितो, सेकंदासकट. त्यांनी ती उघडली आणि मला स्वयंपाकघरातून ओढत नेऊन दाखवली. हातातली पळी मी तिथेच धरून उभी. गोष्ट अशी होती, आणि ती तुला दोन वाक्यांत कळेल, मला दोन तास लागले. डबीला चालवणारा जो प्रोग्राम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. डबी खोचली की तो तिच्या कामाची एक फाईल मागतो, आणि मागतो ती सगळ्यात नवी, जी आमच्या लॅपटॉपमध्ये नव्हतीच. मग तो साठ सेकंद वाट बघत बसतो आणि शेवटी नाइलाजाने जुनी फाईल उचलतो, जी पहिल्यापासून शेजारीच पडलेली असते आणि उत्तम चालते.

आत्या, हे आपल्या सुचित्राच्या लग्नासारखं झालं. आठवतं? नवरीला मांडवात आणायला सख्खा मामाच हवा म्हणून सगळे खोळंबले, मामा पुण्याच्या पुढे निघालेलाच नव्हता, आणि चुलतमामा बिचारा फेटा बांधून खांबाला टेकून उभा होता. आमचं त्याहून वाईट. आम्ही पाऊण मिनिटाने नवरीलाच घरी पाठवून परत बोलवत होतो. म्हणजे मामाची वाट पाहणं पुन्हा पहिल्यापासून.

जावईबापूंनी शनिवारी उपाय केला. जुन्या फाईलची एक प्रत काढून तिला नव्या फाईलचं नाव दिलं. चुलतमामालाच मामा म्हणून पुढे केलं, एवढंच. डबी खोचली, एक, दोन, तीन, आणि इंटरनेट हजर! आत्या, एवढा आनंद मी त्यांना आमच्या लग्नातही झालेला पाहिला नाही. साठाचे तीन सेकंद! त्यांनी मला दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं, जिन्यात भेटलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला आत बोलावून दाखवलं. प्रत्येक वेळी उपटायची, खोचायची आणि बोटांवर मोजायचं. रात्री झोपेपर्यंत त्या डबीने नवीन सुनेइतके नमस्कार केले असतील.

रविवारी दुपारी दोन वाजता (तिकडचे साडेदहा) सगळं मांडून तयार. पाटावर लॅपटॉप, पुढे बाळाच्या जागी पुतळावहिनींचा वरवंटा (पुतळावहिनी म्हणजे कमळाकरभाऊंची मंडळी. आमच्याकडे मिक्सर आहे, त्याला कुंची घालता येत नाही), बाजूला काळ्या हरभऱ्यांच्या घुगऱ्यांचं पातेलं, मागे चौदा बायका दुपारची झोप मोडून बसलेल्या. डबी खोचली. तीन सेकंदांत निशांत, ईश्वरी, पाळणा, आणि पाळण्याच्या अगदी जवळ मैत्री. मी पदर सावरला, पडद्याशी वाकले आणि ‘कुर्र’ म्हणाले. बायका त्याच शब्दाची वाट बघत होत्या. धडाधड धपाटे बसले. मी ‘जाई’ म्हटलं, डोळे पुसले, वर बघते तर पडदा गोठलेला. शेजारी कमळाकरभाऊ नुकतेच येऊन उभे, आणि जावईबापू डबी हातात धरून त्यांना सांगत होते, ‘बघा हं भाऊ, आता मोजा.’

अहो! मी एवढंच म्हणाले. पण ज्या सुरात म्हणाले त्याने वरवंट्याची कुंची हलली.

डबी तीन सेकंदांत आली, त्यात खोट काढता येणार नाही. पण तुटलेला कॉल थोडाच येतो? पुन्हा निशांतच्या दारात उभं राहायचं, त्याने ‘आत घ्या’चं बटण दाबायचं. त्याला ते सापडेना. इकडे कमळाकरभाऊ म्हणाले, ‘मी चष्मा लावलाच नव्हता. परत दाखवा.’ जावईबापूंनी माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि ‘अजून आत कुठे घेतलंय’ असं पुटपुटत परत उपटली. नेमकं त्याच क्षणी निशांतला बटण सापडलं होतं आणि मी वाकले होते. दुसरी कुर्र, दुसरे धपाटे. पुतळावहिनी संतापल्या, ‘अवो, पोरीचा नाव ठेवाचा हाय का त्या डबीचा?’ वरवंट्याचं नाव मात्र एव्हाना दोनदा जाई ठेवून झालं होतं.

तिसऱ्या वेळी जावईबापूंना हात मागे बांधून गॅलरीत उभं केलं. पडदा उघडला. पाळण्यातली ती लालबुंद होऊन रडत होती आणि मैत्री म्हणाली, ‘ताई, तिची दुधाची वेळ झालीय. मी करू का?’ मी ‘नको!’ म्हणून ओरडले. ते बायकांना ‘कुर्र’ वाटलं का राम जाणे, पण पुतळावहिनींचा हात बसला. त्यांचा हात तू पाहिलेला नाहीस. लग्नानंतर वीस वर्षं भाताची लावणी केलेला हात आहे. मी पुढे गेले, माझं कोपर लॅपटॉपच्या कडेवर आपटलं, डबी उडाली आणि टप्पकन घुगऱ्यांत पडली. काळी डबी, काळे हरभरे. चौदा बायका पातेल्यात हात घालून बसल्या. ‘ही काय?’ ‘खाऊन बघ!’ ‘अगो चावू नको, इंटरनेट हाय ती!’ अखेर सापडली, पुसली, फुंकली, खोचली. तीन सेकंद गेले. साठ गेले. आतून हळदीचा वास आला, बाकी काही नाही. पडद्यावर शेवटचं गोठलेलं चित्र तेवढं राहिलं, मैत्री पाळण्यात वाकलेली, तोंड उघडलेलं, तान्हीच्या कानापासून चार बोटांवर.

आत्या, मी त्या चित्राकडे बघत खाली बसले. हसू नकोस. एवढ्या लांबची भाची, एकदाच होणारं बारसं, आणि माझ्या वाटणीचं ते दुसरं कुणीतरी करून टाकणार. तेवढ्यात फ्रिजवर काहीतरी घरघरायला लागलं. माझा फोन. ‘कार्यक्रमात अडथळा नको’ म्हणून जावईबापूंनी आवाज बंद करून वर ठेवला होता. निशांत होता. ‘ताई, ते व्हिडिओ-बिडिओ राहू दे. फोन तिच्या कानाला लावून धरलाय. मैत्रीनेच सुचवलं. बोल लवकर.’ (ती गोठलेल्या चित्रात तान्हीची लाळ पुसत होती. मी तिच्याबद्दल वर जे लिहिलं ते खोडणार नाही, तुला कळू दे मी कशी आहे ती.)

मग मी कुर्र केलं. मधे पडदा नाही, डबी नाही, थेट कानात, जसं करायचं असतं तसं. पलीकडे रडणं थांबलं, आत्या. एकदा उचकी लागल्यासारखा आवाज आला आणि मग नुसता श्वास. मग निशांतने फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा केला आणि मी मोठ्याने ‘जाई’ म्हणून जाहीर केलं. त्यानंतर माझ्या पाठीचं जे झालं त्याला शब्द नाहीत, मलम आहे.

घुगऱ्या सगळ्यांनी आवडीने नेल्या. डॉक्टरांचं ऐक, पुरण बेतानं खा. सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझी,
अरुणा

ता. क. डबी आज सकाळी उन्हात वाळून पुन्हा सुरू झाली. जावईबापू म्हणतात आता ती अडीच सेकंदांतच येते, हळदीचा गुण असावा. ते पुढच्या महिन्यात कराडला येतील तेव्हा तुझ्या टीव्हीजवळ त्यांना एकटं सोडू नकोस.

ता. क. २. मूळ मुद्दा राहिलाच. तुझ्या कपाटात निळ्या मखमली डबीत चांदीचे वाळे आहेत, ‘माझ्या नावाची कुणी आली तर तिच्यासाठी’ म्हणून ठेवलेले. ते रजिस्टर पोस्टाने माझ्याकडे पाठव. डिसेंबरात निशांत येईल. कारण विचारू नकोस.

ता. क. ३. विचारशीलच. फोनवर कानात सांगताना माझ्या तोंडून ‘जयमाला’ गेलं. जाई हे नंतर, सगळ्यांसाठी. कानातलं मला ठाऊक, तिला ठाऊक, आणि आता तुला. निशांतने विचारलं तर सांग की वाळे उगीच पडून होते. धपाट्यांनी माझं डोकं बधिर झालं होतं, म्हणून चूक झाली.

ता. क. ४. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? डोकं अगदी ठिकाणावर होतं. फोनवरच्या कुर्रच्या वेळी पुतळावहिनींचा हात अजून वरच होता.