बिनआवाजाची गाडी

दि. ४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. जहाजावरच्या जेवणाला नावं ठेवण्याइतका तू धडधाकट आहेस, हे वाचून तुझ्या वहिनीचा जीव भांड्यात पडला.

इकडची बातमी अशी, की बाबा आत्याकडे जायचं म्हणताहेत. हो, आपलेच बाबा! आत्या अंथरुणाला खिळली आहे. भावाला एकदा बघायचंय, असा तिने आतेबहिणीकरवी निरोप धाडला. तुला आठवत असेल, आत्याचे यजमान आजारी असताना बाबा आपली दोन सीटची स्पोर्ट्स गाडी खडखडवत तिच्या दारात गेले होते. आत माणूस झोपलंय आणि तू हे डबडं घेऊन येतोस, असं आत्याने चार लोकांत सुनावलं. बाबा उंबऱ्यावरून फिरले ते फिरलेच. ताठा दोघांचाही सारखा, एकाच आईची लेकरं ना!

आता म्हणतात, जाईन तर त्याच गाडीने, पण या खेपेला तिला आवाज येता कामा नये. माफी मागायला त्यांची जीभ वळत नाही, म्हणून ती इंजिनाकडून मागवणार. पण इंजिनातले टॅपेट असे वाजतात, की गाडी सुरू केली की शेजारीपाजारी खिडक्या लावून घेतात. काय करू ते कळव. तू जहाजांची इंजिनं उघडतोस, तुला हे किरकोळ.

वहिनीचे आशीर्वाद. आहे तो जिव्हाळा टिकव.
तुझा,
दादा

दि. १५ जून

ती. दादास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तू हातात पाना घेणार हे वाचून मला बाबांची नाही, इंजिनाची काळजी वाटली. इंजिनावरचं झाकण काढ आणि व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधली फट मापाच्या पत्तीने मोज. फट बरोबर असूनही वाजत असेल, तर रॉकर आणि त्यांचा दांडा झिजलाय, ते बदल. आवाज घालवायच्या नादात फट मात्र मिटवू नकोस. इंजिन गप्प होईल, पण व्हॉल्व्ह जळेल.

बाबांना शेजारी स्टुलावर बसव आणि हात लावू देऊ नकोस. आत्याला सांग, तिने कान उपटलेला भाचा अजून सरळ झालेला नाही. तिला मीही फार दिवसांत भेटलो नाही, याचं वाईट वाटतं.

वहिनींना नमस्कार. धाकट्यावरची माया कमी करू नये.
तुझा,
धाकटा

दि. २८ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

रॉकर आणि दांडा बदलला. निम्मा आवाज गेला. बाबांनी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली आणि सांगितलं, अजून खालून येतोय. टॅपेट काढून पाहिले, तर तोंडं पार खरवडलेली. ते ओळीने मांडताना तिसऱ्याच्या जागी सातवा ठेवला म्हणून मी शिव्या खाल्ल्या. इतक्या उत्साहात मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

वहिनी म्हणते, भाड्याची गाडी करा आणि उद्याच जाऊन या, इंजिन कुठे पळून जात नाही. बाबा म्हणाले, बहिणीच्या दारात मी भाड्याच्या गाडीतून उतरणार नाही. आत्याचा पुन्हा निरोप आला, की गाडी वाजली तरी चालेल, पण ये. त्यावर बाबा हसले. ती म्हणते तसं, मनातून नसतं, म्हणाले. मीही हसलो.

नुसते नवे टॅपेट घालून निघावं का? तू म्हणशील तसं.
सगळ्यांच्या आशीर्वादांसह,
दादा

दि. ८ जुलै

ती. दादास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

अजिबात नको! टॅपेट ढकलणारा कॅमशाफ्ट जुनाच ठेवून नवे टॅपेट घातलेस, तर तो त्यांना चावून खाईल आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कॅमशाफ्टही बदल. रेडिएटर उतरवावा लागेल, थोडा वेळ जाईल, जाऊ दे. बाबांचं खरं आहे, जायचं तर नीट जायचं. आत्या कणखर आहे.

इंजिन थोडं चालवून झालं, की झाकण उघडून फट पुन्हा तपास. त्याआधी गाडी लांब नेऊ नकोस.

कृपादृष्टी आहेच, ती अशीच राहो.
तुझा,
धाकटा

दि. २ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

कॅमशाफ्ट यायला फार उशीर झाला, पण काल गाडी सुरू केली आणि शेजारच्या काकूंनी विचारलं, अजून चालू होत नाही का! बाबा बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे राहिले. मग आपल्या फाटकाशी गाडी अलगद उभी करायची तालीम केली, एकदा नव्हे, सारखी. आत्याकडे असंच थांबायचं म्हणतात.

परवा झाकण काढून फट तपासतो आणि रविवारी निघतो. इतके दिवस लागले, याची मला आता जराशी चुटपुट वाटते.
लोभ ठेव.
दादा

दि. ७ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. आ.

जहाज बंदराला लागल्याशिवाय तुला फोन लागत नाही, म्हणून पुढच्या बंदराच्या पत्त्यावर लिहितो. आत्या गेली.

फोन आला तेव्हा इंजिनाचं झाकण उघडं होतं आणि पत्ती माझ्या हातात होती. बाबा स्टुलावर. मी म्हणालो, अर्ध्या तासात बंद करतो. ते म्हणाले, राहू दे, टॅक्सी बोलाव.

तू स्वतःला दोष देशील, मी तुला ओळखतो. देऊ नकोस. मी निम्म्या आवाजात निघू शकलो असतो. आपण तिघेही इंजिनातलं कळणारे, आणि शहाणपण होतं एकट्या वहिनीकडे.

टॅक्सीने दोन तासही लागले नाहीत. वाटेत बाबांनी एकदाच विचारलं, एवढंच होतं का रे अंतर?

ती टॅक्सी आपल्या गाडीपेक्षा जास्त खडखडत होती. आत्याच्या दारात जमलेले लोक वळून बघायला लागले, तेव्हा मी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, वाजू दे. तिला कळू दे, मी आलोय.

सांभाळून राहा.
तुझा,
दादा