जिवंत माणसाचं पान

ग्योदोंग बेट
६ सप्टेंबर २०१७

चि. गीहो यास ताईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन मध्येच ठेवला त्याचा राग धरू नकोस. आपलं ठरलंय ना, की बाबांचा विषय फोनवर काढायचा नाही, तो पत्रातच लिहायचा. फोनवर तू आवाज चढवतोस, मी रडायला लागते आणि आई दारात येऊन कोण गेलं म्हणून विचारते.

उत्तर कोरियाने तो सहावा अणुबाँब डोंगराखाली फोडला तेव्हा इथे पेल्यातलं पाणीसुद्धा हललं नाही. बुसानमध्ये तुमच्या टीव्हीवरच मोठा धक्का बसला असं दिसतंय. एक मात्र खरं, बेटावर यायच्या पुलावरचे सैनिक आता मला ओळखत असूनही ओळखपत्र मागतात. सीमेच्या दोन्ही बाजूंचे भोंगे तर दिवसरात्र एकमेकांवर ओरडत असतात. आपले गाणी लावतात, ते शिव्या देतात, आणि मधल्या खाडीवर सगळ्याची नुसती भेसळ होते. मी खिडकी लावली की आई ती उघडते. तिचं म्हणणं, वारा घरून येतोय, तो अडवू नये.

आज हवा स्वच्छ होती. पलीकडे आपल्या गावची भातशेती पिवळी पडायला लागलेली दिसली. युद्धात बाबांनी आपल्याला होडीत बसवलं तेव्हा त्याच शेतांवर बर्फ होता. तुला काय, तू पोटात होतास, तुला थंडी लागली नाही. मी मात्र सगळा वेळ मागे बघत होते. आजी अंथरुणाला खिळलेली, तिची काही सोय लावून तीन दिवसांत मागोमाग येतो, असं ते म्हणाले होते.

आई बरी आहे. नव्वदीतही माझ्या हातचं मीठ चुकलं की तिला लगेच कळतं. तू गुडघ्यांना जप, आणि भांडलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी ताई,
पिलसून

•

बुसान
२० सप्टेंबर २०१७

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. आम्ही टीव्ही बघतो म्हणून चेष्टा करतेस, पण त्यांच्याकडे बाँब आहे आणि आपल्याकडे नाही, ही गोष्ट टीव्हीने बनवलेली नाही. मी जन्मभर गोदीत जहाजांना जोड दिले. समोरच्याच्या हातात हातोडा असला की आपणही काहीतरी हातात घ्यावं, एवढं मला कळतं. आपणही बाँब करावा असं मी म्हणालो आणि तू फोन ठेवलास. आता लिहूनच म्हणतो.

पण आज वेगळ्या कामासाठी लिहितोय. ताई, आता कुणाची भेट होणार नाही. दोन वर्षांमागे ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या शेवटच्या भेटी झाल्या, त्यानंतर एकामागून एक स्फोट. तुझा अर्ज त्या भेटींच्या सोडतीच्या संगणकात धूळ खात पडलाय. बाबा आज एक्क्याण्णव वर्षांचे असते. तिथे, त्या उपासमारीत, एवढं कोण जगतं?

मी एकुलता मुलगा. मला सहासष्ट वर्षं झाली, आणि बापाच्या नावाने मी एकदाही श्राद्धाचं पान मांडलेलं नाही. गोदीतले मित्र विचारतात तेव्हा मान खाली जाते. ज्यांच्या मरणाचा दिवस माहीत नसतो त्यांचं पान चांद्र पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या नवमीला मांडतात, हे तुलाही माहीत आहे. यंदा ते मी करणार. तू आईकडून होकार मिळव.

तू वाट बघू शकतेस, तुझ्याजवळ त्यांचा चेहरा आहे, हाताचा वास आहे. मी कुणाची वाट बघू? त्यांनी मला पाहिलंसुद्धा नाही. मी त्यांच्या हिशेबात तरी होतो की नाही, कोण जाणे.

आईला नमस्कार. रागावलीस तरी पत्र लिही.

तुझा,
गीहो

•

ग्योदोंग बेट
१२ ऑक्टोबर २०१७

चि. गीहोस आशीर्वाद.

होकार मिळाला नाही. मिळणारही नाही, तेव्हा पुन्हा विचारू नकोस.

गेल्या महिन्यात बाबांचा वाढदिवस झाला. दर वर्षीसारखंच आईने शेवाळाचं सूप केलं, वाडग्यात भात भरला, झाकण ठेवून तो खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर गोधडीखाली ठेवला. जेवायच्या वेळी भात डावीकडे, सूप उजवीकडे, जिवंत माणसाला वाढतात तसंच. तू म्हणतोस तसं करायचं तर ते दोन्ही उलटे मांडायचे आणि चमचा भातात उभा रोवायचा. मी नुसता विषय काढला तेव्हा ती शेंगा सोलायची थांबली. म्हणाली, जिवंत माणसाला मेलेल्याचं पान वाढलं तर त्याचं उरलेलं आयुष्य आपण खातो. तुला सांग म्हणाली, मी जिवंत आहे तोवर तुझा बाप जिवंत आहे.

आणि तुझ्या बाँबचं म्हणशील तर तो टाकणार कुठे तेही लिही. माझ्या अंगणातून पलीकडचे चुलींचे धूर दिसतात. त्यातला एखादा त्यांचा असेल, या आशेवर ही बाई जगली आहे.

एवढं कर माझ्यासाठी, यंदा थांब.

ताई

•

बुसान
३ नोव्हेंबर २०१७

ती. ताईस नमस्कार.

मी थांबलो नाही. नवमीला पान मांडलं.

बायकोने नासपती, सुकी बोरं, सुका मासा, सगळं रीतसर आणलं. कागदावर बाबांचं नाव लिहिलं. दारू ओतली, वाकलो, आणि डोकं जमिनीला टेकल्यावर मला उठताच येईना. गुडघ्यांमुळे नव्हे. ओक्साबोक्शी रडलो, ताई. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच बाबा म्हणून हाक मारली. नंतर खूप हलकं वाटलं. त्या रात्री टीव्ही न लावता झोपलो.

आईला सांगू नकोस. तिचा भात तिच्यापाशी, माझा माझ्यापाशी. तुझ्याशी खोटं बोलवत नाही, म्हणून लिहिलं.

लोभ ठेवशील ना?

गीहो

•

ग्योदोंग बेट
९ मे २०१८

चि. गीहो यास आशीर्वाद.

हिवाळाभर तुला लिहिलं नाही. रागच होता. आता तो ओसरलाय, शिवाय सांगण्यासारखं खूप साठलंय.

भोंगे काढले. दोघं नेते सीमेवर हातात हात घालून चालले ते तू पाहिलंच असशील, मग चारच दिवसांत इथले सैनिक शिड्या घेऊन आले. पलीकडेही काढले म्हणतात. एवढी शांतता झाली की बेडकांचा आवाज ऐकू येतो. सगळं बेट गाढ झोपलं, एकटी आई सोडून. तिला आता घरचा आवाज येत नाही म्हणून झोप लागत नाही.

पुन्हा भेटी होणार, असं बाजारात जो तो बोलतोय. आपल्यासारखी पलीकडून आलेली म्हातारी माणसं केस काळे करून घेतायत, ओळख पटावी म्हणून. मीही केले. हसू नकोस.

माझ्या अर्जावर फोन आला होता, माहिती ताजी केली. आईने एवढंच विचारलं, की बाबांची उंची लिहिलीस का.

लोभ वाढता ठेव.
पिलसून

•

ग्योदोंग बेट
२७ जुलै २०१८

चि. गीहो,

बसून वाच.

सोडतीत माझं नाव निघालं हे तुला फोनवर सांगितलंच होतं. आता पलीकडून उत्तर आलंय. बाबा नाहीत. त्यांना तिथे दुसरं कुटुंब होतं. एक मुलगा आहे, ग्वांगिल, आपला भाऊ. ऑगस्टमध्ये तो मला भेटायला येईल.

बाबा गेले ते गेल्या वर्षी, चांद्र दहाव्या महिन्यात. लपवावं असं वाटलं होतं, पण तू मला खरं लिहिलं होतंस, म्हणून मीही लिहिते. नवमीला ते होते.

आईला अजून सांगितलेलं नाही. तिला एवढा प्रवास झेपणार नाही, पण मी बाबांनाच भेटायला चाललेय असं तिला वाटतंय. तिने त्यांच्यासाठी लोकरी मोजे विणायला घेतलेत. डोळे साथ देत नाहीत, तरी मला हात लावू देत नाही.

स्वतःला काही लावून घेऊ नकोस.

ताई

•

बुसान
४ ऑगस्ट २०१८

ती. ताईस,

लावून घेऊ नको म्हणतेस. कसं?

ते जिवंत होते. थंडी पडायला लागली असेल, चुलीपाशी बसून ते भात खात असतील, आणि मी इथे त्यांच्या नावाने चमचा उभा केला. महिन्याभरात ते गेले. आईने नको म्हटलं होतं, तू नको म्हटलंस. एवढी वर्षं त्या बाईने त्यांना जपलं आणि मी एका दिवसात हलकं वाटून घेतलं. बायको म्हणते एक्क्याण्णव वर्षांचा माणूस असाही जाणारच होता. तिचं बरोबर असेल. मला तसं वाटत नाही एवढंच.

ग्वांगिलला माझं काही सांगू नकोस. त्याने बाप सांभाळला. मी काय केलं हे त्याला कळायला नको.

गीहो

•

ग्योदोंग बेट
३० ऑगस्ट २०१८

चि. गीहो यास अनेक आशीर्वाद.

परत येऊन आठवडा झाला.

सीमेपलीकडच्या त्या मोठ्या दालनात टेबलांना आकडे होते. आमच्या टेबलाशी बसलेला माणूस मी लांबूनच ओळखला, कारण तूच तिथे कोट घालून बसला होतास. तेच कपाळ, बोलण्याआधी नाक चोळायची तीच सवय. जवळून त्यांचा अधिकारी गेला तसा तो ताठ झाला आणि म्हणाला, आमच्याकडे आता बाँब आहे, आम्हाला कुणी हात लावू शकत नाही. अगदी तुझ्याच सुरात, गीहो. मी पाठीवर एक धपाटा घालणार होते.

दुसऱ्या दिवशी खोलीत आम्हाला आमचं आमचं जेवू दिलं. तेव्हा तो सैल झाला. माझ्याकडे सारखा बघत होता आणि जेवत नव्हता. विचारलं तर म्हणाला, तुम्हाला मी लहानपणापासून मेलेली समजतो, तुमच्यासमोर घास कसा घेऊ.

मग त्याने सांगितलं, आपण निघालो त्या दिवशी आपल्या मागची होडी तोफेच्या माऱ्यात बुडाली. काठावरून बाबांना वाटलं, बुडाली ती आपलीच. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी दुसरं लग्न केलं. पण दर वर्षी नवव्या महिन्याच्या नवमीला ते दार लावून घ्यायचे. शेजाऱ्यांनी विचारलं तर आजीचं पान आहे असं सांगायचे. दक्षिणेकडे निघालेल्यांचं पान तिथे मोकळेपणाने करता येत नाही. उपासमारीच्या वर्षांत भात नव्हता, तेव्हा मक्याच्या भरड्याचं मांडलं. एक वाडगा आईचा, एक माझा, आणि एक अगदी लहान.

लहानपणी ग्वांगिलने विचारलं, तिसरा कुणाचा, त्याचं नाव का लिहीत नाही. बाबा म्हणाले, ते बाळ जन्माला यायचं होतं, मुलगा की मुलगी तेही कळलं नाही, म्हणून नाव नाही. त्या वाडग्यातला भात ते आधी फुंकर घालून निववायचे. आईचा आणि माझा तसाच गरम ठेवायचे. ग्वांगिल म्हणाला, त्यांच्या शेवटच्या नवमीला, म्हणजे तू पान मांडलंस त्याच दिवशी, त्यांनी उठून बसून तिन्ही मांडले.

तेव्हा आता ते मनातून काढ. पान मांडल्याने माणूस जात असता, तर मी सातव्या वर्षीच गेले असते, आणि तू जन्मालाच आला नसतास.

परत आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिने आधी विचारलं, ती दुसरी त्यांना नीट बघत होती का. मी हो म्हटलं. मग म्हणाली, बरं झालं, दोघांतला एक तरी वाट बघण्यातून सुटला. संध्याकाळी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सुतकाचे पांढरे कपडे मागितले आणि ते घालून अंगणात पलीकडे तोंड करून बसली. मोजे मी तिथेच ग्वांगिलला दिले होते.

निघताना बसच्या काचेवर त्याने बाहेरून हात ठेवला होता. एकदा भेटलं की पुन्हा भेट नाही, पत्रही नाही. तू ये. आईला तुला बघायचंय.

तुझी,
पिलसून

•

बुसान
८ सप्टेंबर २०१८

ती. ताईस शि. सा. न.

पत्र रोज वाचतो. बायकोला वाचून दाखवायला गेलो, पण फुंकर घालण्याच्या ठिकाणी अडकतो आणि पुढे जाता येत नाही.

सुगीच्या सणाच्या आधी ग्योदोंगला येतो. बाबांच्या जाण्याचा दिवस आता कळलाय, तेव्हा दहाव्या महिन्यात पान तिथेच, आईच्या समोर मांडू. तिला चालेल तसं मांडू. बाँबवर भांडण मी तिथे येऊन करणार नाही, असं वचन देतो. ग्वांगिलशी मात्र एकदा मनसोक्त भांडायला मिळालं असतं तर बरं वाटलं असतं.

एक गोष्ट मनातून जात नाही, ती तुलाच लिहितो. पुढच्या महिन्यात नवमी येईल. ग्वांगिलला आता माहीत झालंय की आपण जिवंत आहोत. तो काही आपली पानं मांडणार नाही. मांडूही नयेत, आई असताना तर नाहीच. पण ताई, सदुसष्ट वर्षांचा झालोय, नातवंडं आहेत, आणि त्या दिवशी माझ्यासाठी कुणी भात निववणार नाही या विचाराने मला रडू येतं. असा एक माणूस होता हे मला तो गेल्यावर कळलं.

आईच्या पायांवर डोकं ठेवतो. तुझा लोभ जन्मभर पुरला, पुढेही पुरव.

तुझा,
गीहो