बाबांचा 'तो'

तीर्थरूप आईस,

थोरलीचा नमस्कार, आणि सोबत थोडा राग. मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं, म्हणजे बहुतेक दिवस. तुझा गुडघा कसा आहे?

तू पाठवलेला बाबांच्या मेंदूचा स्कॅन मी आमच्या हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवला. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबा स्वतःला 'मी' न म्हणता 'तो' म्हणतात, हेही सांगितलं. डॉक्टर चहा ढवळत म्हणाले, "'मी' हा मेंदूने केलेला भास असतो. यांचा भास संपलाय. आत कुणी नाही असं समजा."

आई, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं मी हे स्कॅनचं मशीन चालवतेय. कुठे रक्त पोचलं नाही ते त्यात दिसतं, पण कुणाला काय वाटतंय ते एकाही फिल्मवर उमटलेलं मी पाहिलं नाही. आणि हेच डॉक्टर परवा चाचणीसाठी स्वतः मशीनमध्ये झोपले, तर दोन मिनिटांत घंटा दाबून ओरडायला लागले, "मला बाहेर काढा." 'मला' म्हणजे कुणाला, ते विचारायचं राहून गेलं.

तू लिहिलंस, बाबा रोज दारात खुर्ची टाकून बसतात आणि म्हणतात, "त्याला पोरीची आठवण येते." आत कुणी नाही, तर आठवण येते कुणाला?

यापुढे त्यांचं 'तो' दुरुस्त करत बसू नकोस. एवढंच सांग, "त्याला म्हणावं, ती निघालीय."

तुझी,
थोरली