चार ते पाच

६ फेब्रुवारी, गुरुवार

बसलो. पूर्ण तासभर. काही झालं नाही.

वेदीवर सोनेरी किरणांची एक उभी प्रभावळ, तिच्या मध्यभागी काचेआड भाकरीचा पातळ, पांढरा गोल. तो ख्रिस्त. फादरना आधीच विचारून ठेवलं होतं, आराधना म्हणजे नेमकं करायचं काय? म्हणाले, काही नाही, त्याच्यासोबत राहायचं. तीस वर्षं वार्ताहर म्हणून लोकांना प्रश्न विचारत आलो. इथे दोघेही गप्प. गेल्या वर्षी याच चॅपलच्या गळक्या छपराची बातमी करायला आलो आणि बसून राहिलो. छप्पर अजून गळतंय.

रविवारच्या मिस्सेला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला, माझं नवखेपण उघडं पडतं. सगळे उठून ख्रिस्तशरीर घ्यायला रांगेत जातात. बाप्तिस्मा न झालेला मी एकटा बाकावर, गृहपाठ विसरलेल्या मुलासारखा. आराधनेत तसं नाही. इथे कोणालाच काही मिळत नाही. सगळे नुसते बघतात. फार समाधान वाटलं.

दारावर तासांचा तक्ता आहे. गुरुवार, चार ते पाच — मी. पाच ते सहा — शिवणवाल्या बाई. तक्त्याखाली ठळक अक्षरांत: ‘पुढची व्यक्ती आल्याशिवाय जागा सोडू नये.’ साक्रामेंत, म्हणजे तो भाकरीचा गोल, असं उघडं ठेवलेलं असताना एकटं राहता कामा नये म्हणे.

९ फेब्रुवारी, रविवार

अक्काकडे जाऊन आलो. भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी खुर्ची ओढली, आवाज झाला, तरी तशीच.

माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पाचाचा. हिनेच वाढवलं, हिनेच पट्टी हातात घेऊन संस्कृत शिकवलं. देव पहिल्यांदा चालवायला हिनेच शिकवला — देवः, देवौ, देवाः. जूनमध्ये सांगितलं, बाप्तिस्मा घ्यायचं ठरवतोय. चष्मा पुसत म्हणाली, “तेहतीस कोटी कमी पडले का रे तुला?” मी हसलो. ती हसली नाही. त्यानंतर एक अक्षर नाही. आठ महिने.

मूत्रपिंडं थांबत आलीत. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. भाची — अक्काची एकुलती एक — जिन्यापर्यंत आली. आई बोलो न बोलो, तू येत जा रे मामा, म्हणाली. मी म्हटलं, तिने बोलावलं की येईन. जिना उतरेपर्यंत ते उत्तर बाणेदार वाटत होतं. रस्त्यावर आल्यावर नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरा तास. ‘उपासना’ म्हणजे नुसतं जवळ बसणं, हे अक्काने मला नवव्या वर्षी सांगितलं होतं. तिला हे सांगायला हवं, असं वाटलं. मग आठवलं, सांगणार कसं?

गुडघे दुखतात. संस्कृतात त्यावर उपाय नाही.

शिवणवाल्या बाई दहा मिनिटं उशिरा आल्या. गळ्यात टेप तसाच. गिऱ्हाइकाचं माप चुकलं होतं, सांगत होत्या. तुमच्या प्रभूच्या तक्त्यात दहा मिनिटांची सूट आहे का, असं विचारल्यावर म्हणाल्या, “तो थांबतो हो. गिऱ्हाईक थांबत नाही.”

१८ फेब्रुवारी, मंगळवार

भाचीला फोन केला. तशीच आहे, म्हणाली. बरं म्हटलं, ठेवला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अक्का गेली. पाच वाजून वीस मिनिटांनी.

मी नव्हतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं उरकलं. आता लिहून काढतो. नाहीतर उद्यापर्यंत मी त्यात स्वतःला सोयीची दुरुस्ती करेन.

चार पस्तीसला खिशात फोन थरथरला. भाचीचा निरोप: ‘मामा, आई तुला बोलावतेय. लगेच ये.’ तिच्या घरी पोचायला वीस मिनिटं लागतात. चॅपलमध्ये मी एकटाच. मी लिहिलं — ‘पाचला निघतो.’

पाच वाजले. बाई नाहीत. सव्वापाच. फादरना सांगावं, असं मनात आलं. पण त्यांच्या खोलीपर्यंत जायचं म्हणजे जागा सोडणंच. मी अगदी शास्त्र्यासारखा त्या ओळीचा अर्थ लावत बसलो — अपवाद सांगितलेला नाही, म्हणजे अपवाद नाही. भाकरीच्या त्या तुकड्याला मी एकटं सोडलं नाही. चाळीस मिनिटं. बाई पाच चाळीसला धापा टाकत आल्या. मी धावलो.

भाचीने दार उघडलं. उशीर झाला मामा, एवढंच म्हणाली. मला रागवलीसुद्धा नाही.

आणखी एक आहे, तेही लिहून टाकतो. बाई येईनात तेव्हा मला थोडं बरंही वाटत होतं. आठ महिन्यांनी अक्का काय बोलेल, याची भीती वाटत होती. नियमाआड लपायला जागा मिळाली.

२३ फेब्रुवारी, रविवार

फादरकडे गेलो. कबुली द्यायची आहे म्हटलं. म्हणाले, बाप्तिस्म्याआधी देता येत नाही. म्हणजे पाप करायला परवानगी आहे, सांगायला नाही. तरी खुर्चीवर बसवून घेतलं त्यांनी, आणि मी सांगितलं.

“अहो, मी शेजारच्या खोलीतच होतो,” म्हणाले. “दार वाजवायचं होतं. नाहीतर सरळ निघून जायचं. तो काय रागावणार होता?”

मग तसं लिहून का ठेवत नाही, असं मी विचारलं. उत्तर मला नकोच होतं. जुन्या माणसांना ठाऊक असतं कधी उठायचं. नवा माणूस अक्षर धरून बसतो.

शिवणवाल्या बाई फाटकाशी थांबल्या होत्या. कोणीतरी सांगितलं असावं. माझा हात हातात घेतला आणि रडल्या. मीच त्यांची समजूत काढली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

जाणार नव्हतो. चार वाजता पाय तिकडेच वळले.

तासभर एकच विचार. तिला काय सांगायचं होतं? क्षमा? ती तिच्या स्वभावात नव्हती. बहुधा झापलं असतं — एवढं शिकवलं आणि हे दिवे लावलेस. तेही चाललं असतं. पट्टीसुद्धा चालली असती.

पण बोलावलं तिने. आठ महिन्यांनंतर, जीव कंठाशी आलेला असताना, माझं नाव घेतलं. मी गेलो नाही, हा गुन्हा माझाच, तो कुठे जात नाही. पण तिने बोलावलं होतं. आज समोर बघत ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. तेवढीच माझी प्रार्थना झाली. रडलो, पण बरं वाटलं.

२ मार्च, रविवार

सकाळी भाची आली. चहा तसाच ठेवला, पदराशी चाळा करत बसली. म्हणाली, “मामा, तू स्वतःला खातोयस, ते बघवत नाही. आईने तुला बोलावलं नव्हतं रे. मंगळवारी रात्रीपासून ती शुद्धीवरच नव्हती. मीच लिहिलं ते. एरवी तू आला नसतास.”

तिला जवळ घेतलं. बरं केलंस म्हटलं.

म्हणजे माझ्या उशिराने काही बिघडलं नाही. अक्का वाट बघत नव्हती. सुटलो.

कोणी हाक मारलीच नव्हती.